आडूचा बहर

नांदुऱ्यात केसरबाईंच्या अंगणात एकच झाड, कडुनिंबाचं. पण चैत्र लागला आणि त्याखाली रोज सकाळी गुलाबी पाकळ्या पडू लागल्या, बर्फातून काढल्यागत थंडगार.

"आमच्या पहाडातला आडू, म्हणजे पीच, फुलला, आई," हिमाचलातून आलेली सून हेमा म्हणायची आणि पाकळ्या झाडत राहायची. लग्नापासून तिला माहेर दिसलं नव्हतं.

केसरबाईंचा जीव कळवळला. "काऊन झुरून राह्यली पोरी? यंदा तुले माहेरी धाडू."

त्यांनी लगेच विहीणबाईंना फोन लावला. त्या हसत हिंदीत म्हणाल्या, हेमा तर सकाळीच आली, आडूखाली झाडतेय. "सुनो ना!" म्हणत त्यांनी फोन झाडाकडे धरला.

केसरबाईंनी अंगणात पाहिलं. हेमा समोरच खराटा मारत होती. खराट्याचा आवाज मात्र फोनमधून येत होता.