पांढरं पान

बाहुली हवी म्हणून रडून रडून चिऊ भिंतीलगतच्या खाटेवर झोपून गेली, तेव्हा कुठे तिच्या आईला, म्हणजे या घरच्या सुनेला, ती बाहुली कपाटामागे पडलेली दिसली. सून वाकली, हात आत घातला, आणि तिच्या बोटांना पान लागलं.

तिनं कपाट जरा पुढे ओढलं. फरशीच्या वीतभर वर रंगाचा पोपडा निघाला होता आणि तिथून एक कोंब खोलीत आला होता. बाहेरच्या भिंतीवर चढलेल्या आयव्हीच्या वेलीचाच. त्या पानाचा आकार या घरात सगळ्यांना झोपेतही ओळखू आला असता. फक्त रंग नव्हता. पानं पांढरीफटक होती.

"आई, जरा आत येता का?"

सासूबाई बागेतूनच आल्या, हातात कात्री. या खोलीची बाहेरची भिंत म्हणजे त्यांचा जीव की प्राण. जमिनीपासून छपरापर्यंत आयव्ही, बाराही महिने हिरवी, पानापानाला पांढरी किनार. वीट औषधालाही दिसायची नाही. अशा वेलीला मधूनच नुसती हिरवी फूट येते, ती भारी जोरकस असते, आणि राहू दिली तर किनारीची पानं मागे पडून सगळी वेल हिरवीगार होऊन बसते. म्हणून सासूबाई सकाळचा चहासुद्धा हिरवं कापल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. मागच्या गल्लीतल्या मुख्याध्यापिकाबाईंच्या आयव्हीची किनार यांच्यापेक्षा रुंद होती. ते दुःख त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण त्या बाईंचं नाव निघालं की कात्री जरा जास्तच वाजायची.

पान बघून त्या मटकन खालीच बसल्या.

"अगं बाई. अख्खं पांढरं. हिरव्याचा ठिपका म्हणून नाही गं." त्यांचे डोळे भरून आले.

"आई, पण हे भिंतीतून आलंय."

"आलंय ना? माझ्या घरी आलं. तिच्याकडे नाही गेलं."

"अंधारात वाढलं म्हणून पांढरं पडलं असेल. टोपलीत तळाला राहिलेल्या बटाट्याला नाही का तसले कोंब येत?"

"बटाटा," सासूबाई म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या, पण असं की सुनेनं पुढे बोलू नये.

सुनेला मात्र भिंतीचीच काळजी होती. रोज सकाळी ती चिऊच्या चादरीवरची विटांची लाल भुकटी झटकत होती. कपाटाचं दार बंद केलं तरी आपोआप उघडत होतं. नवऱ्याला सांगून झालं होतं. "जुनं घर आहे, चालायचंच," तो म्हणाला होता, "आणि आईच्या वेलीवरून तुमचं काय ते तुम्ही बघा. मला मध्ये घेऊ नका."

तिनं पोपड्याच्या भोकात बोट घातलं. बोटामागून हात गेला, पार मनगटापर्यंत. आत गार होतं, ओल होती, आणि मुळंच मुळं. दोन विटांच्या मध्ये जो चुना असायला हवा होता, तो तिच्या हाताला कुठेच लागला नाही.

"आई, मला भीती वाटतेय. चिऊला आजपासून या खोलीत निजवायचं नाही."

"निजव बाई तुला हवं तिथे. याला मात्र कुणी हात लावायचा नाही." सासूबाईंनी डोळे पुसले आणि लगेच कामाची गोष्ट काढली. "हे नेमकं कुठल्या वेलीचं ते कळायला हवं. तिचेच तुकडे लावते कुंड्यांतून. मग बघू कोणाची किनार रुंद ती. मी बाहेरून एकेक वेल ओढून बघते. तू इथे नजर ठेव. पान हललं की सांग मला."

"नको, आई. संध्याकाळी हे येऊ देत."

पण त्या गेल्यासुद्धा. गुडघे धरलेत म्हणून वर्षभर जिना न चढलेल्या बाई, उंबरा ओलांडून भराभर गेल्या.

भिंतीपलीकडे पानं सळसळली. "हलतंय का गं?"

"नाही."

"आता?"

"नाही. आई, पुरे झालं ना आता."

"थांब. ही जाडी राहिलीय. हिचं खोड बघ केवढं झालंय, माझ्या दंडाएवढं."

सून पानाकडेच बघत होती. पान हललं नाही. तिच्या कानाशी काहीतरी बारीक करकरलं आणि खाटेवर, चिऊच्या केसांत, लाल भुकटी सांडली. तिनं वर पाहिलं. भिंतीवरचं घड्याळ खिळ्यावर तिरकं झालं होतं. त्याच्याही वर, छत आणि भिंत मिळतात तिथे, उजेडाची एक रेघ होती. मघाशी ती नव्हती.

तिनं चिऊला पांघरुणासकट उचललं आणि दाराबाहेर पडली. माजघर ओलांडताना तिला आठवलं, भिंतीला दुसरीही बाजू आहे. ती जिवाच्या आकांतानं ओरडली, "आई, सोडा ती वेल. आधी तिथून बाजूला व्हा."

बाहेरून सासूबाईंचा आवाज आला. धाप लागलेला, पण इतका खुशीतला, की सुनेनं लग्न होऊन आल्यापासून तसा कधी ऐकला नव्हता.

"सोडू कशाला? आत्ता कुठे यायला लागलीय."