पडद्यावरचा टँकर

"टँकर कधी डोंगर चढतो का, काका?" मनस्विनीनं विचारलं आणि लॅपटॉप केरबाकडं वळवला.

केरबा खुर्चीच्या कडेला जेमतेम टेकला होता. बानाबाई खुर्चीवर बसायलाच तयार नव्हती, ती भिंतीला पाठ लावून फरशीवर बसली होती. मनस्विनी काम करायची त्या पोलिसांच्या सायबर प्रयोगशाळेतल्या एसीनं दोघंही काकडत होती.

त्यांची लेक रत्नमाला गेल्या उन्हाळ्यात गेली. टँकर आला नाही म्हणून वस्तीवरच्या विहिरीत उतरली, तळाचं पाणी वाटीनं घागरीत भरायला, आणि वर येताना पाय सुटला. टँकर आलाच नव्हता, एवढं एकच केरबा तेव्हापासून भेटेल त्याला सांगत होता. ठेकेदाराचा वकील हसून जीपीएसची नोंद पुढं करायचा. नोंदीत टँकर रोज यायचा, त्या दिवशीसुद्धा आला होता. कागदोपत्री कन्नड तालुक्याच्या डोंगरातल्या, या टँकरच्या वाट्याच्या तिन्ही वस्त्या पाण्यात पोहत होत्या. म्हणजे पोरगी उगीच उतरली. गेली ती गेली, वर खोटी ठरली.

बिलं मंजूर करणारे एवढंच बघत, की नकाशावरचा टँकरचा ठिपका तिन्ही विहिरींपाशी पोचला का. पोचला, की झालं. तो कसा पोचला, हे बघायची तसदी कुणी घेतली नव्हती. मनस्विनीनं घेतली. ठेकेदाराकडून जप्त केलेल्या जीपीएस यंत्राची हुबेहूब नक्कल काढून ती कितीतरी दिवस त्या एका ठिपक्याच्या मागं होती. मूळ यंत्र मोहोरबंद पाकिटात होतं, त्यातलं अक्षरही कुणाला बदलता येणार नव्हतं.

"हे बघा," ती म्हणाली. "सकाळी टँकर भरतात तिथून वस्तीपर्यंत हा रस्त्यानं भरधाव येतो. मोटारसायकलवर आणल्यासारखा. मग रस्ता सोडतो, डोंगराला लागतो, आणि दिवसभर माणसाच्या चालीनं तिन्ही वस्त्यांवरून फिरतो. यंत्र टँकरमध्ये नव्हतंच. टँकर इकडं शहरात नव्या इमारतींच्या बांधकामांवर पाणी ओतत होता."

फौजदार वैजनाथराव बऱ्याच दिवसांनी खुशीत दिसत होते. "चोरी सापडली, मामा. आता हे यंत्र घेऊन कोण फिरत होता, तेवढं सांगा. तो गडी हाताला लागला की ठेकेदार सुटत नाही. तुमच्याच भागातला असणार. ही वाट ओळखता येते का बघा."

केरबाला आधी काही उमगेना. मनस्विनीनं चित्र मोठं केलं. उघडे माळ दिसले, घळी दिसल्या.

"ही तळ्याची पाळ का?"

"हो."

त्यानं पडद्यावर बोट ठेवलं. ठिपका सरकला तसं बोट सरकलं. ओढ्याचं वळण आलं, खडकाची चढण आली. मग बोट ठिपक्याच्या पुढं गेलं आणि एका जागी थांबलं.

"आता हितं थांबंल. हिवराच्या झाडाखाली."

ठिपका तिथं थांबला. बराच वेळ हलला नाही.

"ओळखलंत," मनस्विनी आनंदानं म्हणाली. "कुणाची वाट आहे?"

केरबाचं बोट तिथंच राहिलं. बानाबाई उठून त्याच्या पाठीमागं येऊन उभी राहिली. "सांगा की. कुनाची हाय?"

"आपल्या मेंढरांची," तो म्हणाला.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ठेकेदाराचा माणूस कडुबा डबीएवढं यंत्र घेऊन आला होता. सरकारी हाय म्हणाला, म्होरक्या मेंढ्याच्या गळ्यात बांध, कळप चोरीला गेला तर फोनवर सापडतो. आदल्या साली शेजारच्या वस्तीवरची मेंढरं टेम्पोत घालून नेली होती, त्यामुळं केरबाला ते लगेच पटलं. कडुबा संध्याकाळी यंत्र चार्जिंगला न्यायचा, सकाळी आणून द्यायचा. एक दिवस चुकला नाही.

"लई भला मानूस वाटला," बानाबाई म्हणाली. "म्या रोज च्या द्यायची त्याला." आणि ती होती तिथंच खाली बसली.

मनस्विनीला रडू आलं, पण ती रडली नाही. ज्या ठिपक्याचा तिला एवढा अभिमान वाटत होता, तो आता पुसून टाकावासा वाटला. पुरावा सापडला नसता तर बरं झालं असतं, असं नोकरीत पहिल्यांदाच तिच्या मनात आलं.

वैजनाथराव खुर्ची ओढून केरबाजवळ बसले. त्यांचा आवाज उतरला होता. "मामा, तुमचा यात गुन्हा नाही. तुम्हाला फसवलंय. पण हे कोर्टात तुमच्याच तोंडून यायला पाहिजे. सांगाल?"

"सांगीन की. लेक खोटी नव्हती, येवढं तरी व्हईल." केरबानं मनस्विनीकडं बघितलं. "ताई, ती गेली त्या रोजचं दावा."

"राहू द्या ना, काका."

"दावा."

तिनं तो दिवस काढला. ऐन दुपारी ठिपका वस्तीच्या विहिरीशी आला, घटकाभर रेंगाळला आणि माळाकडं निघून गेला.

"तवा म्या मेंढरं घिऊन विहिरीवरनंच चाललो व्हतो," केरबा म्हणाला. "रत्नी रिकामी घागर घिऊन काठावर बसली व्हती. मला म्हनली, आबा, वाटंत कुठं टँकर दिसला का? म्या म्हनलं, नाय गं माय."

त्यानं पडद्यावरचं बोट काढून घेतलं.

"अन् टँकर माझ्या म्होरंच चालला व्हता, मेंढ्याच्या गळ्यात."