सासूचं सोंग

खुर्शीदबीनं डोक्याला बांधलेला नर्सचा रुमाल सोडला, पदर पार कपाळावर ओढला आणि दवाखान्याच्या माळ्याचा विळा हातात घेऊन वॉर्डाच्या दारात आडवी उभी राहिली. आत खाटेवर सुमनबाई पोटाला उशी बांधून पडली होती. तिनं कण्हायचं होतं, पण मधूनमधून तिला हसू फुटत होतं.

"कळा येऊन राहिल्या का गुदगुल्या?" खुर्शीदबी ओरडली. "नीट कण्ह!"

बाकीच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

हिंगोलीच्या दवाखान्यात सुईणपण शिकायला आलेल्या बायांची ही शेवटची परीक्षा होती. नाळ कशी बांधावी, लेकरू आडवं असलं तर काय करावं, हे सगळं डॉक्टरीणबाईंनी आधीच विचारून घेतलं होतं. आता खुर्शीदबी खेड्यातली सासू झाली होती. तिला ओलांडून बाळंतिणीपर्यंत पोचायचं. पोचेल तिला कात्री-दोऱ्याची पेटी मिळायची आणि ती एकटी गावोगाव कामाला जायची. अडेल तिनं घरी जायचं. हातात कितीही कसब असलं तरी दारातून आत जाता आलं नाही तर ते मातीमोल, असं खुर्शीदबीचं म्हणणं होतं.

भिकाबाई पहिली गेली. तिनं सासूच्या गुडघ्यांची चौकशी केली, "बसा जरा, तेल लावते" म्हणून तिला उंबऱ्यावर बसवलं आणि वरून पाय टाकून आत शिरली. खुर्शीदबीलाही हसू आवरलं नाही.

मग रूपाबाई पुढं आली.

"थांब," खुर्शीदबी म्हणाली. "कपाळ मोकळं दिसून राहिलं. नवरा कुठाय?"

"न्हाई."

"आन् माझ्या सुनंच्या बाजंपाशी येतीस? विधवा बाई बाळंतिणीला चालत न्हाई, ठाव न्हाई तुला? चल, हट!"

रूपाबाई वळली. पायऱ्या उतरली, अंगण ओलांडलं आणि फाटकाकडं चालू लागली. तिला राग आला नव्हता, वाईटही वाटलं नव्हतं. नवरा गेल्यापासून कुणाची हळद असो, कुणाचं डोहाळजेवण असो, दारातूनच परतायची तिच्या पायांना सवय झाली होती.

"रूपा! कुठं निघालीस?"

"तुमी हट म्हणलात."

या खेपेला कुणी हसलं नाही.

"मी सासू हाय. सासू हटच म्हणणार," खुर्शीदबी म्हणाली. "तू गेलीस तर नाळ कोण कापणार? हा?" तिनं विळा वर धरला. "अजून एकडाव ये. आता परतलीस तर मंग तशीच दिराच्या घरी जा."

दिराच्या घरी रूपाबाईचं अंथरूण गोठ्याच्या भिंतीला होतं. बोलायला कुणी नव्हतं. ती परत पायऱ्या चढली.

"पुन्हा आलीस? बरं, नवरा न्हाई. लेकरू तरी हाय का तुला?"

"झालं होतं."

"मंग?"

रूपाबाईनं विळ्याकडं पाहिलं.

"त्याची नाळ असल्याच विळ्यानं कापली. गवताचा विळा, धुतला बी न्हाई. पाचवी पुजली, सगळं झालं. मंग लेकराचं तोंड मिटलं. दूध ओढंना. अंग लाकडासारखं ताठ झालं. तुमी तो विळा ठेवा खाली आन् मला आत जाऊ द्या."

आवाज चढला नाही की उतरला नाही. विहिरीला पाणी किती आहे हे सांगावं, तसं तिनं सांगितलं.

सुमनबाई कण्हायची विसरली. इतके दिवस शेजारी अंथरूण टाकूनही हे कुणाला माहीत नव्हतं. खुर्शीदबीचा दारावरचा हात खाली आला. मग तिनं तो पुन्हा वर नेला.

"मागं जा. परत ये."

"काहून, बाई?" भिकाबाई मधे पडली. "बराबर सांगितलं की तिनं."

"तू गप बैस. इथं सांगितलं, सगळ्या आपल्याच. उद्या वसमतकडं दारोदार सांगावं लागंल. तिथं पहिल्याच दारात रडू फुटलं तर आत बाळंतीण मरंल."

रूपाबाई पायऱ्या उतरली आणि चढली. तेच विचारलं गेलं, तेच तिनं सांगितलं.

"परत."

पुन्हा सांगितलं.

"परत."

आता शब्द आपोआप येत होते. दुसऱ्या गावच्या कुठल्याशा बाईच्या लेकराचं सांगावं, तसं. सांगता सांगता तिच्या मनात वेगळंच चाललं होतं, की पेटीतला दोरा उकळून घेतलेला आहे का नाही. हे तिच्या ध्यानात आलं. ध्यानात आलं, एवढंच.

खुर्शीदबीनं विळा भिंतीला टेकवला आणि बाजूला सरली.

रूपाबाई आत गेली. खाटेशी वाकून तिनं सुमनबाईच्या पोटावरच्या उशीवर हात ठेवला आणि शिकवलं होतं तसं लेकराचं डोकं चाचपू लागली.

"आन् नाव काय ठेवलं होतं गं त्याचं?" मागून खुर्शीदबीनं विचारलं. आवाज अजून सासूचाच होता.

रूपाबाईचा हात उशीवर थांबला.

"बारसं व्हायचं होतं," ती म्हणाली, आणि पाणी उकळायला ठेवायला सांगितलं.