मूळ प्रत

"लिहिलेलं नाही, म्हणजे उपचार झालेच नाहीत," मेडिकेअरच्या, म्हणजे अमेरिकेतल्या म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्याच्या, तपासनिसाने डॉक्टरांना सुनावलं. "व्हर्नाआजींच्या मोडक्या पायापोटी घेतलेले सरकारी पैसे परत करा." एक प्रकरण सापडलं की ते सगळ्याच पेशंटांचे मागतात, मग दवाखान्याला टाळंच. डॉक्टर ओशाळून खिडकीबाहेरच्या मक्याकडे बघत बसले. मी काउंटरवरून आजींना फोन केला. त्या ठणठणीत पायांनी आल्या. कडेवर पायाचं जुनं प्लास्टर, त्यात माती भरून लावलेलं, फुललेलं जिरेनियमचं रोप. "वाच, बाळा!" त्यांनी ते तपासनिसापुढे ठेवलं. आमच्याकडे प्लास्टरवर अख्खं गाव सह्या करतं. नातवंडांनी रेखाटलेल्या कोंबड्यांमध्ये डॉक्टरांनीही लिहिलं होतं: मोडलेलं हाड, तारीख, सही आणि 'पुन्हा छपरावर चढलात तर दुसरा पाय मोडेन.' तपासनिसाने चष्मा पुसून वाचलं. "पुरावा मान्य," तो पुटपुटला. "पण मूळ प्रत फायलीत लावावी लागेल." "लाव की," आजी म्हणाल्या, "फक्त फायलीला रोज पाणी घाल."