हवी तशी जागा

"ही पण नको म्हणालात ना, तर मी इथूनच घरी जाईन," एजंट कुलपाशी झटापट करत म्हणाला. "मग शोधा दुसरा माणूस."

दातांची डॉक्टर त्याच्यामागून आत गेली. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, मागे मोरी, रस्त्याच्या बाजूला मोठी खिडकी. शेजारी औषधांचं दुकान, समोर शाळा.

"पार वळणापर्यंत दातांचा एकही दवाखाना नाही. पाण्याला जोर आहे. तुमच्या खुर्चीचं ड्रेनेज मोरीतून काढता येईल. म्हाताऱ्या माणसांना पायरी चढायला नको. आता यात खोट काढून दाखवा."

तिने खिडकी उघडली, परत लावली. "कॉम्प्रेसर कुठे ठेवायचा?"

"माझ्या डोक्यावर ठेवा."

ती हसली नाही. बाजारातली जागा तिने गोंगाट फार म्हणून नाकारली होती आणि बागेजवळची फार शांत म्हणून. दोन्हीकडे ती धड आतसुद्धा गेली नव्हती. तिने नोकरी सोडली होती, स्वतःचा दवाखाना टाकायचा म्हणत होती आणि प्रत्येक दारातून परत फिरत होती. एजंटाला आता राग लपवायचीही गरज वाटत नव्हती.

"आमच्या लायनीत तुमची काय ख्याती आहे, माहितीय? आधीच्या एजंटांना वणवण फिरवलंत, त्यांचे दात फुकटात तपासून दिलेत आणि दिलंत सोडून. लोक म्हणतात, बाईला जागा नकोय, पेशंट हवेत."

"त्यांच्या दातांवर कीटण होतं."

"असेल. माझ्या तोंडाकडे बघायचं नाही, आधीच सांगून ठेवतो."

"नाही बघत."

तो भिंतीला टेकून उभा राहिला. "घरचे काही बोलत नाहीत का तुम्हाला?"

"आई होती. गेली."

"आजारी होत्या?"

"नाही. एकटी राहायची, घर विकायला तयार नव्हती. घरात पडली, असं सगळे म्हणतात."

"अरेरे." त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "म्हणजे ते घर आता रिकामंच असेल. विकायचा विचार असला तर..."

"आधी ही जागा."

तेवढ्यात दारात सोसायटीचा सेक्रेटरी येऊन उभा राहिला. त्याच्या पाठीमागून वरच्या मजल्यावरच्या काकू आत डोकावल्या.

"दवाखाना? इथे? विचारलंत कुणाला?" सेक्रेटरीने साधा नमस्कारही केला नाही. "मालक बसलाय लांब. राहायचंय आम्हाला. दिवसभर ते मशीन घुंघुं करणार, लोक जिन्यात थुंकणार आणि गाड्या माझ्या दारात लावणार."

"आणि पोरांची बोंबाबोंब," काकू म्हणाल्या. "आधीच मला दुपारी डोळा लागत नाही."

"काकू, हल्ली पूर्वीसारखं दुखत नाही हो," एजंट म्हणाला.

"तुला रे काय माहीत? बसलायस कधी त्या खुर्चीत? माझी दाढ काढताना दोघांनी धरलं होतं मला!"

"परवानगी मिळणार नाही," सेक्रेटरी म्हणाला. "विषय संपला. कुलूप लावा आणि चालू लागा."

डॉक्टरने खांद्यावरची बॅग सावरली. "राहू दे. मी दुसरीकडे बघते."

"दुसरीकडे कुठे?" एजंट तिच्या आडवा आला. एवढी पायपीट पाण्यात जाताना त्याला दिसत होती. "थांबा हो जरा. काकू, मी बसतो. इथे, तुमच्या डोळ्यांदेखत. ओरडलो तर जागेचं नाव काढणार नाही. नाही ओरडलो तर परवानगी. बोला, सेक्रेटरीसाहेब!"

सेक्रेटरीने हाताची घडी घातली. "बसा. होऊन जाऊ दे."

काकूंनी वरून खुर्ची मागवली आणि डॉक्टरने सांगितलं म्हणून पातेलंभर गरम पाणीही. डॉक्टरने हातमोजे चढवले, मास्क लावला.

"आ करा."

एजंटाने डोळे मिटून तोंड उघडलं. ती वाकली.

"वरचा एक दात नाहीये."

"जुनी गोष्ट आहे ती."

"बसवून देते. फुकट. फक्त माप लागेल."

"दुखणार नाही ना?"

काकू खुदकन हसल्या. "बघा, ह्याचीच टरकली!"

डॉक्टरने बॅगेतून मेणाची गुलाबी पट्टी काढली, गरम पाण्यात धरून मऊ केली आणि त्याच्या दातांमध्ये सरकवली.

"आता चावा."

त्याने चावलं.

"असं नाही. जोरात. लाजू नका."

त्याचे जबडे आवळले गेले. कपाळावरची शीर तट्ट फुगली. पण तोंडातून हूं की चूं नाही. तिने पट्टी हलकेच सोडवून घेतली आणि ती खिडकीपाशी गेली.

"एवढंच?" काकूंचा जरा विरसच झाला.

"ठीक आहे," सेक्रेटरी कुरकुरत म्हणाला. "पण दुपारी मशीन बंद. आणि माझ्या दारात गाडी दिसली तर हवा सोडून देईन."

"ऐकलंत?" एजंट रुमालाने तोंड पुसत उठला. बऱ्याच दिवसांनी तो मोकळा हसला. "परवानगी काढली मी तुमच्यासाठी, या तोंडाने काढली! आता तरी म्हणा, मिळाली एकदाची हवी तशी जागा."

"मिळाली," ती म्हणाली. वळली मात्र नाही. तिने पट्टी उजेडात धरली. मेणात दातांची कमान स्वच्छ उमटली होती. एक सुळा आडवा फिरलेला आणि त्याच्या शेजारी एका दाताची जागा रिकामी, आईच्या मनगटावरच्या चाव्यात होती अगदी तशी.