भोक पडलेला व्हॉल्व्ह

"तो नको, नसीमाबाई! तपासणी यंत्रानं तो बाद केलाय, त्याच्या गोळ्याला एक जादा भोक आहे!" इंजिनिअर पाटणकर हेल्मेटमधल्या रेडिओवरून ओरडले.

नसीमाबाईंना हसू आवरेना. सतरा वर्षं चंद्रावरची वस्ती पृथ्वीवरून आलेल्या हवेवर जगत होती. आज इथल्याच खडकातून काढलेला, गोठवणारा द्रव प्राणवायू टाकीत तयार होता आणि अडलं होतं ते एका बॉल व्हॉल्व्हपाशी, आरपार पोकळ गोळा फिरवून नळी उघडणाऱ्या तोटीपाशी!

"साहेब, भोक मुद्दाम पाडलंय. व्हॉल्व्ह बंद केला की गोळ्याच्या पोटात द्रव अडकतो. त्याचा वायू झाला की त्याला टाकीत परतायला वाट हवी. बिनभोकाचा बसवाल, तर फुटेल."

भोक टाकीकडे ठेवून त्यांनी व्हॉल्व्ह बसवला, उघडून बंद केला आणि त्याला खेटून उभ्या राहिल्या. कोल्हापूरच्या त्यांच्या व्हॉल्व्हच्या कारखान्यात रीतच होती: ज्यानं बसवला, त्यानंच पहिल्या चाचणीला शेजारी थांबायचं.

दहा मिनिटं दाबाचा काटा जागचा हलला नाही.

त्यांनी दांडा फिरवला. गरम नळ्यांत द्रवाचा वायू झाला आणि आतापर्यंत बिनहवेच्या दालनात वारा सुटला. दालन भरल्यावर नसीमाबाईंनी हेल्मेट काढून छातीभर श्वास घेतला.

"काढा की तुमचंही!" म्हणत त्या वळल्या.

पाटणकर केव्हाच त्यांच्या शेजारी येऊन उभे होते, हेल्मेट काखेत धरून.