अंतऱ्यातलं नाव

बुवांनी अंतरा पुन्हा म्हटला आणि पुन्हा त्यांची सम चुकली. तबल्यावर बसलेल्या पिंगळ्यांची थाप एकटीच पडली.

"वत्सला, तुझ्या नावाच्या जागी माझं नाव बसत नाहीये," बुवा वैतागून म्हणाले. संध्याकाळी त्यांच्या पंचाहत्तरीची मैफल होती आणि माझी ही नवी बंदिश ते तिथे गाणार होते.

"बसणार नाही. सम माझ्या नावावरच येते. मी मुद्दाम तशी बांधलीय."

शेवटच्या ओळीत बंदिश बांधणाऱ्याचं नाव गुंफायची आमच्यात रीत आहे. मी मात्र इतकी वर्षं बंदिशी बांधल्या आणि त्यांत नाव बुवांचं घातलं. बाईच्या नावाची चीज लोक ऐकून घेत नाहीत, असं तेच सांगायचे. लोक माना डोलावत होते आणि रचनाकार म्हणून शाली बुवांच्या खांद्यावर पडत होत्या.

"गुरूला अडवतेस?"

"अडवत नाही, बुवा. माझं नाव घेऊन गा, बरोबर समेवर याल."

बुवांनी पानाचा डबा खटकन बंद केला. "राहू दे ही. जुनी एखादी गाऊ."

"जुन्याही माझ्याच आहेत."

माझ्या बोटांखाली तंबोरा तेवढा वाजत राहिला. मग बुवांच्या साथीत केस पिकवलेल्या पिंगळ्यांनी हात पुसले आणि त्यांच्याकडे न बघता मला विचारलं, "ताई, कुठून घेऊ या?"

"अंतऱ्यापासून," मी म्हणाले.